बोरूच्या बनातली शिरगणती

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या मालेत आजवर इतिहास झाला, सहकार झाला, नाटक झालं, संतवाङ्मय तर दर दोन वर्षांनी होतंच. कोळ्याची पाळी पहिल्यांदाच आली आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर हयातभर गणित शिकवत होते, आणि आकडा दाखवल्याशिवाय कुणाचं म्हणणं मान्य करत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा विषय कोळ्यांचा असला तरी व्याख्यान मोजण्याबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकतो. तळ्याकाठच्या बोरूच्या बनात, गुडघाभर चिखलात उभं राहून, जे सहजी नजरेला पडत नाही ते मोजायचं कसं? आणि अमुक एक जात दुर्मीळ आहे असं म्हणायचा अधिकार आपल्याला कधी येतो?

उदाहरण मी इंग्लंडचं घेणार आहे, कारण कोळ्यांची मोजदाद इतक्या जुन्या काळापासून आणि इतक्या चिकाटीनं फार थोड्या ठिकाणी झाली आहे. तिथल्या पाद्र्यांनी रविवारचं प्रवचन आटोपलं की उरलेला आठवडा झुडपं झोडपण्यात घालवला. डॉर्सेट परगण्यातले ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज हे त्यातलं मोठं नाव. त्यांचा डॉर्सेटच्या कोळ्यांवरचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला. पुढे लॉकेट आणि मिलिज या दोघांनी ब्रिटिश कोळ्यांचे दोन जाडजूड खंड लिहिले, १९५१ आणि १९५३ मध्ये. शेकडो जाती, सगळ्यांची चित्रं, सगळ्यांची वर्णनं. आता राहिलं असेल ते एखाद-दुसरं बारीकसारीक, असं कुणालाही वाटलं असतं.

आणि १९५६ साली एरिक डफी या संशोधकाला सफोक आणि नॉर्फोकच्या सीमेवरच्या रेडग्रेव्ह अँड लोपम फेन नावाच्या पाणथळीत देशातल्या सर्वांत मोठ्या कोळ्यांपैकी एक कोळी सापडला. तोवर तो ब्रिटनमध्ये आहे याची नोंदच नव्हती. पाय पसरले तर तळहात व्यापेल, अंगावर दोन्ही बाजूंनी दुधी पट्टे, आणि चालतो पाण्यावरून. मागचे पाय काठच्या वनस्पतीच्या दांड्याला धरून पुढचे पाय पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून बसतो. पाण्यावर पडलेला किडा धडपडला की त्याचे तरंग पायाला लागतात आणि हा धावतो. पाणनिवळ्या, चतुराच्या अळ्या, बेडकाची पिल्लं, क्वचित बोटभर लांबीचा मासासुद्धा. घाबरला तर दांड्यावरून सरसर पाण्याखाली उतरतो. अंगावरच्या केसांत हवा अडकून राहते, त्यामुळे खाली गेलेला कोळी चांदीचा दिसतो. इंग्रजीत त्याला फेन राफ्ट स्पायडर म्हणतात, शास्त्रीय नाव डोलोमेडिस प्लांटारियस. आज आपण तराफा-कोळी म्हणू.

नावावरून एक आडवळण घेतो. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात; त्याआधीची नावं बाद. अपवाद एकच, तो कोळ्यांचा. कार्ल क्लर्क या स्वीडिश गृहस्थानं १७५७ मध्ये स्वीडनच्या कोळ्यांवर पुस्तक काढलं, आणि ते इतकं नेटकं होतं की पुढच्या नियमकर्त्यांना ते बाद करवेना. म्हणून नियमात असं घातलं की हे पुस्तक १ जानेवारी १७५८ रोजी निघालं असं समजावं. तराफा-कोळ्याचं नाव त्याच पुस्तकातलं. म्हणजे युरोपला हा प्राणी दोनशे वर्षं माहीत होता, फक्त ब्रिटनमध्ये कुणी ओळखला नव्हता.

एवढा मोठा कोळी राहिला कसा? याचं उत्तर आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. याचा एक भाऊ आहे, डोलोमेडिस फिम्ब्रिएटस. तो ब्रिटनमध्ये पूर्वीपासून माहीत, जरा जास्त ठिकाणी आढळणारा, आणि दिसायला हुबेहूब. दोघांत फरक करायचा तर पूर्ण वाढलेला प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली उताणा ठेवावा लागतो. मादीच्या पोटाखाली जननछिद्रावर एक कठीण तुकडा असतो, त्याचा आकार पाहायचा. नराच्या तोंडापुढच्या आखूड पायांच्या टोकाला फुगीर बोंडं असतात, त्यांची घडण पाहायची. कोळ्यांच्या बहुतेक जातींना हाच नियम लागू. रंग, पट्टे, आकारमान यांवर जात ठरवू नये. पिल्लाची जात तर सहसा ठरवताच येत नाही. आपण शंभर कोळी धरले आणि त्यातली ऐंशी पिल्लं निघाली तर यादी वीस जणांचीच होते. पाहणी करणाऱ्याला ही गोष्ट सुरुवातीला फार जड जाते.

आता जागेकडे येऊ. इंग्लंडच्या पूर्व भागात जमीन सपाट, पाणी संथ, आणि खाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, जाड थर. नॉर्फोकमध्ये ब्रॉड्स नावाची उथळ तळी आहेत. ती निसर्गानं केलेली असंच सगळे समजत होते. जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळांत गिरमिटानं छिद्रं पाडून पाहिली तेव्हा काठ सरळसोट उभे निघाले, पायरीसारखे कापलेले. ही तळी म्हणजे मध्ययुगात जळणासाठी पीट खणून काढलेल्या खाणी होत्या. पुढे पाणी चढलं आणि त्या बुडाल्या. लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं यावरचं पुस्तक १९६० मध्ये आलं. रेडग्रेव्हच्या पाणथळीतले खड्डेही माणसानं पीट काढून केलेले. म्हणजे ज्या दुर्मीळ कोळ्यासाठी आपण हळहळतो त्याचं घर मुळात कुणाच्या तरी चुलीच्या सोयीनं तयार झालेलं आहे. माणसाचा हात लागला की निसर्ग संपला, असं म्हणणाऱ्यांनी या तळ्यांकडे एकदा पाहावं.

या तळ्यांच्या काठांना बोरूची बनं आहेत. पुरुष-दीड पुरुष उंच, दाट, आत शिरलं की वाऱ्याचा आवाज तेवढा कानावर. हिवाळ्यात बोरू वाळतो तेव्हा तो कापून त्याच्या पेंढ्या बांधतात आणि घरं शाकारतात. हा व्यवसाय तिथं अजून चालू आहे. अशा बनात कोळी मजल्यामजल्यानं राहतात. खाली पाण्यालगत कुजलेल्या पाल्याचा थर, तिथं दोन मिलिमीटरचे काळे कोळी. मधल्या दांड्यांवर लांब जबड्यांचे, पाय पुढे-मागे ताणून दांड्याच्या रेषेत पडून राहणारे. टेट्राग्नाथा त्यांचं नाव, आणि त्यांतली एक जात तर उघड्या पाण्यात उभ्या असलेल्या बोरूशिवाय सहसा दिसत नाही. वर तुऱ्यात घर करणारे गोल जाळ्यांचे कोळी, आणि तुऱ्यांतच वावरणारा मार्पिसा राडिएटा हा उड्या मारणारा कोळी.

माळरानावर कोळी धरायचे तर कापडी पिशवी गवतावरून फिरवली की काम भागतं. बोरूत ती चालत नाही. पात कडेनं धारेची, दांडा ताठ. पिशवी फाटते आणि कोपरापर्यंत ओरखडे उठतात. दुसरी रीत जमिनीत प्लास्टिकचा पेला पुरायची. पेल्याचं तोंड जमिनीला समतल, आत थोडं द्रावण. रात्री हिंडणारे कोळी त्यात पडतात. बोरूच्या बनात पाणी दोन बोटं चढलं की पेला बुडतो आणि पंधरवड्याची मेहनत चिखलात जाते. त्यावर तोड म्हणून तरंगते सापळे निघाले. पण पेल्याचा दोष वेगळाच आहे. पेल्यात जास्त संख्येनं असलेला कोळी जास्त पडतोच असं नाही. जास्त चालणारा जास्त पडतो. विणीच्या दिवसांत नर मादीच्या शोधात वणवण करतात, तेव्हा पेले नरांनी भरतात, आणि अंड्यांवर बसलेली मादी त्यांत कधीच येत नाही. तिसरी रीत पाला उडवायच्या यंत्राची. ते उलटं चालवून तोंडाला जाळी बांधली की ते कोळी ओढून घेतं. काम झटपट होतं, आवाजानं मात्र तळ्यावरचे पक्षी उठतात, आणि दांड्याच्या आत बसलेला कोळी त्याला दाद देत नाही.

मला स्वतःला चाळणीची रीत आवडते. ओला पाला चाळणीत घ्यायचा, खाली पांढरी चादर, आणि हलवायचं. चादरीवर काड्या, माती, गोगलगायींचे तुकडे पडतात आणि काहीच हलत नाही. इथंच घाईचा माणूस चादर झटकतो. कोळी अंग आखडून मेल्यासारखे पडलेले असतात. मिनिट-दोन मिनिटं थांबलं की मातीचा एखादा कण चालू लागतो. मग दुसरा.

अशाच बारीक कोळ्यांपैकी एकाचं वर्णन डफी यांनीच १९७१ मध्ये केलं: कारिता पालुडोसा, तेव्हाचं नाव कॅरोरिटा पालुडोसा. आयर्लंड आणि पूर्व इंग्लंडच्या पाणथळींतला हा कोळी विज्ञानालाच नवा होता. पिकार्ड-केंब्रिज यांचा ग्रंथ होऊन नव्वद वर्षं लोटली होती. जगात सर्वांत जास्त झोडपल्या गेलेल्या झुडपांच्या देशात, सर्वांत जास्त चाळल्या गेलेल्या पाल्यात, नवा प्राणी. पुढे तो युरोपच्या मुख्य भूमीवरही मिळाला. मग तो दुर्मीळ होता, की चाळणारे हात दुर्मीळ होते?

हिवाळ्यातली पाहणी टेबलावर होते. वाळलेल्या बोरूच्या दांड्यांची मोळी कापून आणायची, जागा आणि तारखेची चिठ्ठी बांधायची, आणि एकेक दांडा उकलायचा. पातं पेरापाशी टेकवून हलकेच दाबलं की कांडं उभं चिरत जातं. आतला पापुद्रा पांढरा, कोरडा. एकामागून एक कांडी रिकामी निघते. काही दांड्यांच्या शेंड्याला एका जातीच्या माशीनं गाठ आणलेली असते. पानं एकावर एक गुंडाळून विडी वळावी तसा तो शेंडा दिसतो. माशी बाहेर पडून गेली की त्या पोकळीत कोळी शिरतात. आणि जिथं दांडा वरून मोडून पोकळी उघडी पडलेली असते तिथं पात्याला किंचित अडथळा होतो. रेशमाचा पडदा. त्यामागे पाय अंगाशी घेतलेला, फिकट तपकिरी रंगाचा क्लबिओना नावाचा कोळी. दिवा लागताच पुढचे दोन पाय हळूच लांब करतो. त्याला ब्रशच्या टोकानं कुपीत घ्यायचं, कुपीत सत्तर टक्के अल्कोहोल, आणि आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलनं लिहिलेली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठी कोरी झाली की त्या नमुन्याची किंमत शून्य, मग कोळी कितीही दुर्मीळ असो.

या पद्धतींनी यादी होते. पण मोजणी? ब्रिस्टो नावाच्या कोळीतज्ज्ञानं ससेक्समधल्या एका अस्पर्श कुरणात एकरी वीस लाखांहून जास्त कोळी असावेत असा हिशेब केला होता. तो आकडा ऐकून लोक दचकतात आणि विसरतात. एकेका कोळ्याला हात लावून होणारी ही गणना नव्हे. म्हणून पाहणीवाले प्राण्याला सोडून त्याची खूण मोजतात, आणि तराफा-कोळ्यानं अशी खूण स्वतःच पुरवली आहे.

मादी उन्हाळ्यात अंड्यांची पिशवी करते, गोल, साधारण सेंटिमीटरभर रुंद. ती जबड्यांत धरून पोटाखाली घेऊन सुमारे तीन आठवडे हिंडते. सुकू नये म्हणून मधूनमधून पाण्यात बुडवते. पिल्लं निघायची वेळ झाली की पाण्यावर वाकलेल्या ताठ पात्यांमध्ये तंबूसारखं जाळं विणते, पिशवी त्यात टांगते आणि पाण्याच्या कडेला राखण करत बसते. शेकडो पिल्लं आठवडाभर त्या जाळ्यात राहतात, मग पांगतात. मादी पावलांच्या कंपनानं पाण्याखाली जाते, जाळं कुठं जात नाही. म्हणून जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ठरलेल्या खड्ड्यांच्या काठानं ठरलेल्या वाटेनं चालायचं आणि ही जाळी मोजायची. थंडीवाऱ्याच्या दिवशी गेलात तर मादी दिसायची नाही, जाळं दिसेल. दव असेल तर लांबूनच दिसेल.

रेडग्रेव्हला अशी पद्धतशीर मोजणी १९९१ पासून सुरू झाली. तिला हात घालायची वेळ का आली ते सांगायला हवं. १९६० च्या सुमारास या पाणथळीला लागूनच सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी विंधनविहीर झाली. पाणथळ जगत होती ती खालच्या चुनखडीच्या थरातून वर उमळणाऱ्या झऱ्यांवर. उपसा सुरू झाला आणि पाण्याची दिशा उलटली. वर येणारं पाणी खाली जाऊ लागलं. पृष्ठभाग वाळला, झुडपं माजली, खड्डे उन्हाळ्यात आटू लागले. दुष्काळाच्या वर्षांत नळ टाकून ठरावीक खड्ड्यांत पाणी सोडावं लागलं, कारण उरलेले कोळी तेवढ्याच खड्ड्यांत होते. शेवटी १९९९ मध्ये ती विहीर बंद करून उपसा दुसरीकडे नेला, झुडपं काढली, वरचा खराब झालेला पीटचा थर खरवडला.

बातमी इथं संपते. मोजणी चालू राहिली, आणि तिनं जे दाखवलं ते गैरसोयीचं होतं. पाणी परतलं, कोळी मात्र वाढेनात. वर्षामागून वर्षं जाळ्यांची संख्या तेवढीच, दोनच ठिकाणी अडकलेली. मधल्या मोकळ्या पट्ट्यात खड्डे होते, पाणी होतं, कोळी तिकडे जात नव्हता. दरवर्षी तीच वाट चालणारं कुणी नसतं तर १९९९ नंतर सगळ्यांनी समाधानानं पाठ फिरवली असती. मोजणाऱ्याच्या वहीत शून्याला जागा असावी लागते. 'गेलो, पाहिलं, नाही सापडला' आणि 'गेलोच नाही' यांतला फरक वहीतच राहतो; नकाशावर दोन्हीकडे कोरं दिसतं.

दरम्यान दुसरी एक गोष्ट घडली होती. बत्तीस वर्षं देशात हा कोळी एकाच जागी आहे असं मानलं जात होतं. १९८८ मध्ये तो दक्षिणेला ससेक्समधल्या पेवेन्सीच्या सखल कुरणांतल्या चरांमध्ये सापडला, आणि तिथली वस्ती रेडग्रेव्हपेक्षा कितीतरी मोठी निघाली. २००३ मध्ये वेल्समध्ये स्वान्सीजवळ तिसरी जागा मिळाली. तीन वस्त्या, एकमेकींपासून दूर. म्हणजे दुर्मीळ तर तो होताच, पण आपण समजत होतो तसा नव्हता.

पुढचा भाग तुम्ही कदाचित छायाचित्रांत पाहिला असेल. हेलन स्मिथ या संशोधक बाईंनी, ज्यांनी या कोळ्यावर आयुष्याचा मोठा काळ घातला, माद्यांपासून मिळालेली पिल्लं स्वतःच्या स्वयंपाकघरात वाढवली. हजारो पिल्लं, आणि प्रत्येकाला वेगळी काचनळी, कारण एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. प्रत्येक नळीत हातानं फळमाश्या सोडायच्या. पुढे काही प्राणिसंग्रहालयांनीही हे काम वाटून घेतलं. २०१० पासून ही पिल्लं सफोकमधल्या कॅसल मार्शेसच्या पाणचरांत आणि नंतर ब्रॉड्सच्या परिसरातल्या आणखी काही जागी सोडली. तिथं पाण्यावर स्ट्रॅटिओटिस नावाची काटेरी, अननसाच्या शेंड्यासारखी वनस्पती वाढते. तिच्या ताठ पात्यांत तराफा-कोळ्याला जाळं विणायला आयती जागा मिळाली. वस्त्या टिकल्या, पसरल्या.

मला या कामाचं कौतुक आहे, तरी एक गोष्ट बोलून दाखवतो. काचनळ्यांच्या रांगा छायाचित्रात उत्तम येतात, म्हणून जगाला त्याच ठाऊक झाल्या. कुठं सोडायचं, किती सोडायचं, चर कुठले योग्य, रेडग्रेव्हला नेमकं काय अडलं, ही सगळी उत्तरं जाळी मोजणाऱ्या वह्यांतून आली होती. पुन्हा वसवण्याची घाई आपल्याकडेही फार आहे. आधी मोजण्याची नाही.

बोरू कापावा की नाही, हा वाद या पाहण्यांतूनच टोकदार झाला. कापला नाही तर पाला साठतो, जमीन वर येते, मग झुडपं, मग जंगल, आणि बन संपतं. कापला तर दांड्यांत हिवाळा काढणारे सगळे कोळी पेंढ्यांबरोबर जातात. स्वित्झर्लंडमध्ये नशातेल सरोवराची पातळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जलनियंत्रणाच्या कामात अडीच-तीन मीटरनं उतरवली; उघड्या पडलेल्या दक्षिण काठावर मैलोन्‌मैल बोरू आणि लव्हाळ्याची पाणथळ झाली, ला ग्रांद कारिसे या नावानं ती ओळखली जाते. जंगलानं ती गिळू नये म्हणून १९८० च्या दशकापासून तिथं यंत्रानं कापणी होते. तिथल्या कोळ्यांवर कापणीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कापलेल्या आणि न कापलेल्या पट्ट्यांतली कोळ्यांची वस्ती वेगळी पडते असं त्यात दिसलं. त्याआधी १९९० मध्ये बेल्जियममधल्या ब्लांकार्ट तळ्याच्या काठी मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतीनं बोरू कापून हाच प्रश्न तपासला होता. सगळ्यांचा व्यवहारी निष्कर्ष साधारण एकच: पाळीपाळीनं कापा, आणि काही भाग वर्षानुवर्षं तसाच ठेवा. व्यवस्थापकाला हे आवडत नाही, कारण न कापलेला भाग गचाळ दिसतो.

गचाळ म्हटल्यावर आपल्याकडे यायला हरकत नाही. आपल्या गावोगावच्या तलावांचं सुशोभीकरण म्हणजे काय, तर काठचा बोरू आणि पाणकणीस उपटायचं, दगडी बांध घालायचा, वर फरशी आणि दिवे. काठ स्वच्छ दिसतो. त्या काठावर काय होतं याची कुठं नोंद नाही, त्यामुळे काय गेलं याचीही नाही. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ; २०२० मध्ये तशी घोषणा झाली. गोदावरी-कादव्याच्या संगमावरच्या त्या फुगवट्यात पाणकणसाची मोठाली बेटं आहेत. हिवाळ्यात पक्षिगणनेला माणसं दुर्बिणी घेऊन येतात, ती यायलाच हवीत. त्याच पाणकणसात, पक्षी ज्यावर जगतात त्या किड्यांना खाणारे आणि स्वतः पक्ष्यांच्या पोटात जाणारे कोळी मोजायला कुणी वाकत नाही.

आपल्याकडे परंपराच नाही असं मात्र नाही. पोकॉक यांचा भारतीय कोळ्यांवरचा खंड १९०० सालचा. तो लंडनच्या संग्रहालयात बसून, इथून गेलेल्या नमुन्यांवर लिहिलेला. पुढे बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात राहून या देशातल्या कोळ्यांवर डोंगराएवढं काम केलं. त्यांचं भारतीय कोळ्यांचं हँडबुक १९८७ चं, आजही प्रत्येक नव्या मुलाच्या हातात पहिलं तेच पडतं. अलीकडे तर चांगली तरुण माणसं या कामात आली आहेत. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातून मिळालेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २६/११ च्या हल्ल्यात वीरमरण आलेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, इशियस तुकारामी. सगळ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी घेतली, आणि घ्यावी अशीच ती होती. जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जाती २०२२ मध्ये पन्नास हजारांवर गेल्या, त्यात आपली भर पडते आहे.

माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. नवी जात सापडली की बारसं होतं. दहा वर्षांनी त्याच जागी ती आहे का हे पाहायला गेलेल्या माणसाला ना निबंध छापून मिळतो, ना अनुदान, ना बातमी. आपल्या कितीतरी जाती एकदाच, एकाच ठिकाणी, एखाद्या मादीवरून नोंदलेल्या आहेत. त्यांना दुर्मीळ म्हणावं का? डफी यांच्या १९५६ च्या कोळ्याला १९९१ नंतर वही मिळाली, म्हणून त्याच्याबद्दल आज बोलता येतं.

इथल्या तरुण मंडळींपैकी कुणाला हात घालायचा असेल तर अवघड काही नाही. आपल्या तलावाच्या काठाची पन्नास मीटरची एकच पट्टी धरा, आणि दरवर्षी तीच. वर्षातून तीनदा: वळवाच्या आधी, पावसाळा सरल्यावर आणि भर थंडीत. पाणी सोडण्याच्या पाळ्या पाटबंधारे खात्याकडून आधी विचारून घ्या. पातळी उतरल्यानंतरची मोजणी आधीच्या मोजणीशी ताडता येत नाही. पहिली दोन वर्षं जातींच्या मागे लागू नका. तीन गोष्टी मोजा: दांड्याच्या रेषेत पडलेले टेट्राग्नाथा, दुमडून रेशमानं शिवलेली पानं, आणि अंड्यांच्या पिशव्या. टेट्राग्नाथा ओळखायला शिकायचं तर भातखाचरात जा. आपल्या भाताच्या शेतात त्यांच्या जाती भरपूर आहेत, संध्याकाळी बांधावर वाकून पाहिलं की ओंबीवर लांबट पडलेले दिसतात. मोजणाऱ्याचं नाव, वेळ, वारा, पाण्याची पातळी लिहा. काही सापडलं नाही तर तेही तारखेनिशी लिहा. नमुना ठेवायचा झाला तर चिठ्ठी पेन्सिलनं. आणि जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल तर एकही कोळी उचलण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी हवी; ती यायला महिने लागतात, तेव्हा अर्ज पावसाळ्याच्या आधीच टाकलेला बरा.